गुलाबी पाण्याची साक्ष

"न्यायचा तर पुढच्या दारानं न्या. शेपटीला धरून, मला दिसेल असा न्या."

म्हातारा ऑस्मुंड दर शुक्रवारी कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसायचा आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला हे एकच वाक्य ऐकवायचा. स्कारव्होय बेटावरच्या त्याच्या कारखान्यात जो राबेल त्याला आठवड्याला एक सुका कॉड घरी नेण्याचा हक्क होता. 'पातेल्याचा मासा' म्हणत त्याला. कायद्यात तो कुठे लिहिलेला नव्हता, पण बेटावर जन्मलेल्या कुणालाही तो शिकवावा लागत नसे.

ऑस्मुंडला जाऊन तीन वर्षं झाली. खुर्ची गेली. दारावर त्याच्या पुतण्यानं, स्टुर्लानं, पाटी लावली: 'येथून एकही मासा बाहेर जाणार नाही.' मासे विकणाऱ्या कारखान्याच्या दारावर ही पाटी वाचून पहिल्या दिवशी ट्रकवाला बराच वेळ गाडी सुरू न करता नुसता बसून राहिला होता.

नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी सकाळी ओलाउगला म्हाताऱ्याचा आवाज अचानक आठवला, कारण पॅकिंगच्या हॉलमध्ये सगळा कारखाना एका काचेच्या वाडग्याभोवती गोळा झाला होता. बाप्तिस्म्याला जमावीत तशी माणसं टोप्या काढून, माना लांब करून उभी होती. ओलाउग क्षाराच्या खोलीतून आली होती. नाताळच्या 'लुटेफिस्क' या पदार्थासाठी सुका मासा आधी पाण्यात, मग क्षारात आणि मग पुन्हा कितीतरी पाण्यांत फुगवायचा, हे तिचं तीस वर्षांचं काम. त्या खोलीत ती एकटीच असे. तिचा ॲप्रन ठिबकत होता, म्हणून ती दारातच थांबली.

वाडग्यामागे लाइदुल्फ उभा होता. अंगात जाड लोकरी स्वेटर, गळ्यात चांदीचा सूर्य आणि चौदा माणसांसाठी गालाला चिकटवलेला माइक. त्याच्या कार्डावर लिहिलं होतं: 'अंतर्ज्ञानी सुरक्षा सल्लागार'. माळ्यावरचे पहिल्या प्रतीचे त्रेचाळीस मासे गायब झाल्याचं स्टुर्लाच्या लक्षात आलं होतं, आणि चोर शोधायला त्यानं या माणसाला थेट मुख्य भूमीवरून बोलावलं होतं.

"मंडळी," लाइदुल्फ म्हणाला, "पोलिसांना पुरावा लागतो. पाण्याला लागत नाही! पाणी लक्षात ठेवतं. हे सात झऱ्यांचं पाणी आहे, पौर्णिमेला भरलेलं. माझी पणजी घंगाळातल्या पाण्यात चोराचा चेहरा दाखवायची आणि पाण्यात सुई खुपसून तिकडे घरात बसलेल्या चोराचा डोळा फोडायची."

"आई गं!" कुणीतरी म्हणालं.

"पण मी आधुनिक आहे. मी डोळा फोडत नाही. मी फक्त पाण्यात कंपनांचा रंग दाखवतो. चोरीची कंपनं हाताच्या कातडीत सात आठवडे राहतात. हे शास्त्र आहे."

"कुठलं शास्त्र?" करवतीवरच्या टोरगाइरनं विचारलं.

"सूक्ष्म," लाइदुल्फ म्हणाला, आणि टोरगाइर गप्प बसला. या शब्दापुढे काय विचारायचं असतं ते त्याला माहीत नव्हतं.

पॅकिंगवरची हर्दिस शेजारणीच्या कानात म्हणाली, "डोळ्यापेक्षा रंग बरा बाई. मला एकाच डोळ्यानं दिसतं नीट." पण तिनं हात मात्र पाठीमागे बांधले होते.

एकेकानं पुढे यायचं, पांढऱ्या टॉवेलला हात पुसून 'मनाची धूळ' काढायची आणि हात वाडग्यात बुडवायचा. टोरगाइरचा हात बुडाला. पाणी स्वच्छ. हर्दिसनं डोळे मिटून बोटं बुडवली. पाणी स्वच्छ. तिनं सोडलेला श्वास हॉलच्या पलीकडच्या टोकाला ऐकू गेला. एकामागून एक हात निर्दोष सुटत गेले, आणि प्रत्येक सुटलेला माणूस उरलेल्यांकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघू लागला.

ओलाउग ॲप्रनला हात पुसत पुढे निघाली, तसा लाइदुल्फनं तळवा उंचावला. "तुम्ही नको, बाई. क्षाराच्या खोलीतल्या माणसाला गरज नाही. क्षारानं हात आधीच शुद्ध झालेले असतात."

ती थांबली. तीस वर्षं क्षारानं तिच्या हातांची सालं काढली होती. त्यांना शुद्ध म्हणणारा हा पहिलाच.

शेवटचा नंबर डाइवाचा होता. लिथुआनियाहून आलेली, दोन वर्षं पॅकिंगवर असलेली, कमी बोलणारी बाई. लाइदुल्फनं टेबलाखालून ताजा टॉवेल काढला. निळ्या काठाचा. तिनं हात पुसले आणि पाण्यात घातले.

तिच्या बोटांभोवती आधी धूर निघाल्यासारखं झालं. मग तो धूर गुलाबी झाला, आणि बघता बघता अख्खा वाडगा झळझळीत गुलाबी!

"हे देवा!" हर्दिस किंचाळली. दोघंजण मागे सरकले. स्टुर्लाचा चेहरा पांढराफटक पडला, आणि त्यात थोडं समाधानही होतं. लाइदुल्फनं डोळे मिटले, हात छातीवर ठेवले आणि माइकमध्ये कुजबुजला, "पाणी बोललं."

डाइवा आपल्या हातांकडे बघत राहिली. ते जणू दुसऱ्याच कुणाचे होते.

*

दुपारी ती क्षाराच्या खोलीत आली. कोटाची बटणं चुकीची लागली होती.

"मावशी, मी एकही मासा नेला नाही."

कारखान्यात सगळे ओलाउगला मावशीच म्हणत.

"मला माहीत आहे."

"तुला कसं माहीत? सगळे म्हणतात पाण्याला माहीत आहे. मला मासा आवडतही नाही."

"मासा आवडत नाही? मग इथे खातेस तरी काय?"

"बटाटे."

एरवी ओलाउग हसली असती. "स्टुर्ला काय म्हणाला?"

"शुक्रवारपर्यंत स्वतःहून राजीनामा दे म्हणाला. दिला तर तो पोलिसांना सांगणार नाही. खोली कारखान्याची आहे, तीही सोडायची." डाइवानं बाहीनं नाक पुसलं. "शनिवारी सकाळी बोट आहे. घरी आईला काय सांगू? पाण्यानं सांगितलं म्हणून काढलं?"

"सही केलीस?"

"अजून नाही."

"मग करू नकोस. शुक्रवारपर्यंत पेन हातात धरू नकोस."

डाइवा गेली. ओलाउग टाकीतले मासे हलवत राहिली, पण तिचं मन हातांत नव्हतं.

रोज पहाटे एक स्तोत्र वाचल्याशिवाय कॉफीचा थेंब घ्यायचा नाही, हा तिचा नेम एकोणीस वर्षांचा. बुधवारी तिनं पुस्तक उघडलं आणि अक्षरं पुढे सरकेनात, कारण मंगळवारी पाणी गुलाबी झालं त्या क्षणी आपल्याला काय वाटलं होतं ते तिला आठवलं. तिला हायसं वाटलं होतं. पाण्यानं तिचं नाव घेतलं नव्हतं म्हणून.

त्या तीन वर्षांत ओलाउगनं दोन मासे नेले होते. मागच्या दारानं, कोटाच्या आत. एकदा नणंद आजारी होती तेव्हा, आणि एकदा काहीच कारण नसताना. पाटी वाचून तिचा हक्क हिरावल्यासारखा वाटला होता आणि ती मनाशी म्हणाली होती, ऑस्मुंड असता तर दिलाच असता. ऑस्मुंड असता तर आपण विचारून नेला असता, हे मात्र तिनं मनाला सांगितलं नव्हतं.

देव चोरी बघतो, यावर तिचा पक्का विश्वास होता. पण देवाला तिच्या हातांची चौकशी करायची असती तर त्यानं त्यासाठी लाइदुल्फचा काचेचा वाडगा भाड्यानं कशाला घेतला असता? आणि घेतलाच असता, तर क्षाराच्या खोलीला सूट का दिली असती?

तिनं पुस्तक मिटलं. सूट. तिथेच काहीतरी अडत होतं.

खोलीत पोचल्यावर तिनं सवयीनं सकाळची परीक्षा घेतली. शेवटच्या टाकीतलं पाणी पांढऱ्या कपात काढायचं, फळीवरच्या तपकिरी बाटलीतले दोन थेंब त्यात सोडायचे. क्षार उरला असेल तर पाणी गुलाबी होतं आणि मासा टाकीतच राहतो. पाणी स्वच्छ राहिलं की मासा तयार. हजारो वेळा तिनं हे केलं होतं.

दोन थेंब पडले. कप गुलाबी झाला.

ओलाउग कपाकडे बघत राहिली. मग खोलीत एकटीच असूनही मोठ्यानं म्हणाली, "अरे लबाडा."

पुढचं तिनं शांतपणे केलं. स्वच्छ पाणी घेतलं, थेंब घातले. पाणी जसंच्या तसं. त्यात धुतलेलं बोट बुडवलं, काही नाही. बोटाला धुण्याच्या सोड्याची चिमूट लावून पुसून टाकली, इतकी की डोळ्यांना दिसू नये, आणि बुडवलं. गुलाबी. वर व्हिनेगरचा एक घोट ओतला. रंग गेला, जणू कधी नव्हताच. तिनं हे तीनदा करून पाहिलं, कारण एकदा झालेल्या गोष्टीवर तिचा विश्वास नसे.

*

शुक्रवारी दुसरी बैठक होती. मंगळवारच्या यशानं लाइदुल्फ फुगला होता. चोरणीचा साथीदार शोधायचा, असं त्यानं स्टुर्लाच्या गळी उतरवलं होतं. गर्दी आता जास्त होती. बेकरीवाली आणि टपालवालाही येऊन उभे होते. डाइवा कोपऱ्यात, कोट घालूनच, घडी केलेला कागद हातात धरून उभी होती. टोरगाइर तिच्यापासून हातभर लांब उभा होता. दोन वर्षं तो तिच्याकडून काडेपेटी मागून घेत आला होता.

"आज पाणी अधिक संवेदनशील आहे," लाइदुल्फनं माइकमध्ये सांगितलं. "मला रात्रभर त्याची धडधड ऐकू येत होती."

"मग झोपलात कधी?" टपालवाल्यानं विचारलं. काहीजण हसले.

तेवढ्यात ओलाउग आत आली आणि रांगेत न थांबता सरळ टेबलापाशी गेली. "मला आधी बघू दे."

"बाई, मी सांगितलं होतं, क्षाराच्या..."

तिनं हात बुडवला होता. वाडगा पेटल्यासारखा गुलाबी झाला.

छपरावर चालणाऱ्या सीगलची नखं हॉलमध्ये ऐकू आली.

"मावशी?" स्टुर्ला म्हणाला. "तुम्ही?"

"मी चोर आहे का, ते पुढे सांगते. आधी पाणी बदल." ती लाइदुल्फकडे वळली. "बदल ना. सात झऱ्यांचं आणखी असेल."

लाइदुल्फनं बदललं. त्याला दुसरं काही सुचलं नाही.

"स्टुर्ला, हात दे." तिनं त्याचा हात आपल्या ओल्या हातात घेऊन घट्ट दाबला. "आता बुडव."

"मी? मी मालक आहे!"

"पाण्याला कुठे माहीत आहे ते?"

सगळे बघत होते, म्हणून स्टुर्लानं हात बुडवला. गुलाबी. अगदी सुंदर गुलाबी.

"मालकानंच मासे नेले!" बेकरीवाली आनंदानं ओरडली.

"क्षार!" लाइदुल्फचा आवाज माइकमध्ये चिरकला. "हा क्षाराचा परिणाम आहे! बाईंचे हात क्षाराचे आहेत, म्हणून तर मी त्यांना वगळलं होतं!"

"वगळलं होतंस खरं," ओलाउग म्हणाली. ती नेहमीसारखी हळूच बोलत होती, त्यामुळे सगळे पुढे झुकले. "पण पाणी चोरी ओळखतं म्हणालास ना? मग क्षाराला का घाबरतं? माझ्या चोरीला सात आठवडे झाले असतील तर कंपनं गेली, आणि नसतील तर ती धुऊन निघाली. क्षाराचा त्यात काय संबंध?"

लाइदुल्फनं तोंड उघडलं. सूक्ष्म हा शब्द ओठांपर्यंत आला असावा, पण तो बाहेर पडला नाही.

ओलाउगनं टेबलाखाली वाकून निळ्या काठाचा टॉवेल बाहेर काढला. "मंगळवारी बारा जणांनी एका टॉवेलला हात पुसले आणि डाइवानं दुसऱ्या. घे. तू पूस. आणि मग तुझे हात पाण्यात घाल. तू तर मासा पाहिलाही नाहीस."

तो टॉवेलकडे असा बघत होता, जणू त्यात साप गुंडाळला होता.

"पूस की रे," टोरगाइर म्हणाला.

"पुसून टाक! मनाची धूळ!" हर्दिस ओरडली.

"माझी ऊर्जा... सल्लागारानं स्वतःवर प्रयोग करायचा नसतो."

"मग मी करतो," टपालवाला म्हणाला. त्यानं पाणी बदलायला लावलं, टॉवेलला खसाखसा हात पुसले आणि बुडवले. गुलाबी. "बघा! मी तर आयुष्यात या दाराच्या आत आज पहिल्यांदा आलोय."

ओलाउगनं ॲप्रनच्या खिशातून तपकिरी बाटली काढून टेबलावर ठेवली. "हे फेनॉल्फ्थॅलिन. शाळेच्या प्रयोगशाळेत असतं, आणि माझ्या फळीवर तीस वर्षं आहे. साध्या पाण्यात दिसत नाही. क्षार किंवा सोडा लागला की गुलाबी होतं. मी यानं मासा पारखते, या लबाडानं माणूस पारखला. टॉवेलात सोडा आहे. कुणाच्या हाती द्यायचा ते यानं आधी ठरवलं होतं." ती स्टुर्लाकडे बघून म्हणाली, "तुझ्याकडून ऐकून. खरं ना? यानं तुला विचारलं होतं ना, कुणावर संशय आहे?"

स्टुर्लाचे कान लाल झाले. "गप्पा मारताना... मी एवढंच म्हणालो की बाहेरून आलेली ती एकटीच आहे."

"म्हणजे पाण्यानं तुझाच संशय तुला रंगवून परत दिला. वर पैसे घेतले."

मग तिनं दुसऱ्या खिशातून व्हिनेगरची बाटली काढली आणि वाडग्यात ओतली. गुलाबी रंग विरून गेला.

"चोराला क्षमा झाली," ती म्हणाली. "लोणच्याच्या व्हिनेगरनं."

हॉल हसून कोसळला. सगळ्यात मोठ्यानं तेच हसले ज्यांनी मंगळवारी टोप्या काढल्या होत्या. लाइदुल्फनं वाडगा उचलला, तो हातातून निसटला, आणि सात झऱ्यांचं पाणी त्याच्या स्वेटरवरून बुटांत गेलं. माइक चालूच होता, त्यामुळे त्यानं दिलेली शिवी टपालवाल्यालाही स्पष्ट ऐकू आली.

*

लाइदुल्फ गेल्यावरही लोक हलले नाहीत. स्टुर्ला म्हणाला, "ठीक आहे. भोंदू होता. पण त्रेचाळीस मासे गेलेत. ते कुणी नेले?"

हसू थांबलं.

ओलाउगला वाटलं होतं, हे बोलणं वाडग्याहून सोपं जाईल. तसं झालं नाही. तिनं दोन्ही हात टेबलावर टेकवले. "मी दोन नेले. मागच्या दारानं."

मग टोरगाइरनं घसा साफ केला. "मी पाच. म्हणजे... सहा."

"तीन," हर्दिस म्हणाली, आणि शेजारणीनं कोपर मारल्यावर, "बरं, सात. पण दोन लहान होते!"

त्यानंतर बांध फुटला. चार, एक, पाच. माळ्यावरच्या म्हाताऱ्या एइलिफनं दहा नेले होते आणि त्यातला प्रत्येक कुठल्या सणाला नेला ते सांगायचा तो हट्ट धरून बसला. प्रत्येकाला वाटलं होतं, आपण एकटेच. म्हणूनच मंगळवारी एकाच बाईचे हात रंगले तेव्हा सगळ्यांच्या छातीवरचा दगड उतरला होता आणि कुणीही प्रश्न विचारला नव्हता.

हर्दिस बोटांवर मोजत होती. "त्रेपन्न होतात."

"पण गेले त्रेचाळीस!" स्टुर्ला म्हणाला.

"मग तू नीट मोजले नव्हतेस. आम्ही दहा जास्त चोरलेत." ती जरा अभिमानानं म्हणाली.

"तू स्वतः हॉटेलवाल्याला वहीत न लिहिता पेटी दिलीस ती वेगळीच," एइलिफनं भर घातली.

सगळ्यांच्या नजरा कोपऱ्याकडे वळल्या. तिथे डाइवा नव्हती. टेबलाच्या कडेला घडी केलेला कागद होता. खाली तिची सही होती. वाडगा कुणाच्या हातानं गुलाबी होतोय हे बघण्यात सगळे दंग असताना ती कागद ठेवून निघून गेली होती.

अख्ख्या कारखान्यात ज्या एका बाईनं कधीच मासा नेला नव्हता, ती हीच. पातेल्याच्या माशाचा हक्क असतो, हे दोन वर्षांत कुणी तिला सांगितलंच नव्हतं.

"एक सांगते," ओलाउग म्हणाली. "मी देवावर विश्वास ठेवणारी बाई आहे, म्हणूनच सांगते. वाडग्यात, सुईत, लंबकात देव शोधू नका. तिथे फक्त दाखवणाऱ्याचा हात असतो. कुणी चमत्कार दाखवला की आधी विचारा, पाण्यात काय घातलंय, आणि कुणाला वगळलंय. स्टुर्ला, चोरी थांबवायची असेल तर माळा दर आठवड्याला दोघांनी मिळून मोज. माणसाला काय न्यायचा हक्क आहे आणि काय नाही, ते उजेडात ठरव, आणि नव्या माणसालाही सांग. आणि नेणाऱ्यांनो, हवं असेल तर तोंड उघडून मागा. हक्क होता म्हणून लपवून नेला, ही चोरीच. मी केली, मला माहीत आहे."

स्टुर्लानं कागद उचलला आणि उभा फाडला. "मी तिला पत्र पाठवतो."

"मेसेज कर, लवकर पोचेल," हर्दिस म्हणाली.

"पत्र नको आणि मेसेजही नको," ओलाउग म्हणाली. "तोंड फिरवलं ते समोरासमोर, माफीही समोरासमोरच मागायची. उद्या बोट सुटायच्या आत मी तिच्या दारात असेन. शब्द देते."

"मी पण येते," हर्दिस म्हणाली. मग बुटांकडे बघत राहिली. "सकाळी किती वाजता आहे बोट?"

शनिवारी पहाटे ओलाउगनं स्तोत्र वाचलं. कॉफी झाली होती, पण ती ओतून घ्यायला वेळ नव्हता. रात्री गोठलेल्या रस्त्यासाठी तिनं बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधले, डोक्याला रुमाल गुंडाळला आणि दार ओढून घेतलं. खाली धक्क्यावर बोटीचे दिवे लागले होते. हर्दिसच्या खिडकीत अंधार होता. ओलाउग तिथे थांबली नाही. पहिलं वाक्य मनात जुळवत ती कारखान्याच्या खोल्यांकडे जाणारा उतार उतरू लागली.